वऱ्हाडांतील होतकरू छायाचित्रकार आणि त्याचीं साधनें

एखादी कला शिकूं पाहणाऱ्याला पहिली अडचण पडते ती बहुधा हत्याराची. गाणाऱ्याला त्याचा गळा जन्मतःच मिळालेला असतो. चित्रकाराचा आरंभ एका पेन्सिलीवर आणि कोऱ्या कागदावर होऊं शकतो. छायाचित्रकाराची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचें हत्यार महाग. तें दर दोन-तीन वर्षांनीं जुनें ठरविलें जातें. आणि त्याविषयीं सल्ला देण्यास जे उत्सुक असतात, तेच पुष्कळदां तें विकावयास बसलेले असतात. अमरावती आणि अकोला ह्या जिल्ह्यांत आज लग्नें, बारशीं आणि मिरवणुका टिपून त्यावर पोट भरूं पाहणारे तरुण गांवोगांव आढळतात. शेतकऱ्याच्या घरांत असा कॅमेरा यावयाचा, तर तो कापसाच्या नाहीं तर तुरीच्या पैशांतून येतो. हंगामाची शिल्लक एका लहानशा पेटींत बंद होते, आणि ती परत मिळवावयाची तीहि त्या पेटीच्याच बळावर. तेव्हां 'कोणता कॅमेरा घेऊं?' हा प्रश्न ऐकावयास हौसेचा वाटला, तरी पुष्कळ घरांत तो संसाराचा प्रश्न असतो. आणि तसा समजूनच मी आज त्याचा विचार करणार आहें.

मला विचाराल, तर ह्या प्रश्नाचें उत्तर कॅमेऱ्याच्या नांवांत सांपडावयाचें नाहीं. आपल्या हातीं जें साधन आहे त्याला नेमकें काय जमत नाहीं, हें ज्याला एका वाक्यांत सांगतां येतें, त्यानेंच नवें साधन घ्यावें. 'माझीं चित्रें चांगलीं येत नाहींत' हें तें वाक्य नव्हे. 'रात्रीच्या वरातींत माझ्या लेन्सला प्रकाश पुरत नाहीं, म्हणून चेहरे हललेले येतात' हें तें वाक्य होय. पहिलें वाक्य उच्चारणाऱ्याला बाजारांतील सर्वांत भारी कॅमेरा दिला, तरी वर्षभरानें तो तेंच वाक्य पुन्हा उच्चारील. दुसरें उच्चारणाऱ्याला कदाचित् नव्या कॅमेऱ्याची गरजच नसेल. एका लहानशा लेन्सनें त्याचें काम भागेल.

आपल्याकडे ह्या रीतीचें एक चांगलें उदाहरण घडलेलें आहे. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रकार होते. गुजरातेंत गोध्रा येथें त्यांनीं फोटोचा स्टुडिओ चालविला होता. १९१२ सालीं लंडनला जाऊन त्यांनीं विल्यमसन कंपनीचा चलच्चित्रांचा कॅमेरा मिळविला. परंतु तो हातीं पडतांच त्यांनीं हरिश्चंद्राची कथा चित्रित करावयास घेतली नाहीं. घरांत एका कुंडींत वाटाणा पेरला आणि त्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचें एक छोटें चित्र तयार केलें. त्यांतून यंत्राची ओळख झाली, आणि पैसा देणाऱ्यांची खात्रीहि पटली. 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला तो त्यानंतर, १९१३ सालीं. नवें यंत्र आणल्यावर पहिला महिना घरच्याच वाटाण्यावर घालवावा, ही रीत मला तरी फार शहाणपणाची वाटते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळीं विकत घेतलेला कॅमेरा दुसऱ्या दिवशीं मांडवांत नेणारे वीर मीं पाहिले आहेत. त्यांच्या यजमानांची मला कींव येते.

वऱ्हाडांत काम करावयाचें, तर कॅमेऱ्याच्याहि आधीं येथल्या उन्हाशीं ओळख करून घ्यावी लागते. अकोला आणि अमरावती हीं दोन्ही गांवें कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारें एकवीस अंश अक्षांशावर वसलेलीं आहेत. त्यामुळें मे महिन्याच्या चवथ्या आठवड्यांत एके दिवशीं सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सांवली त्याच्या पायांतच लपते. जुलैंतहि तसा एक दिवस येतो, पण तेव्हां आभाळ बहुधा भरलेलें असतें. अशा उन्हांत माणसाचें चित्र घेतलें, कीं कपाळ आणि नाकाचा शेंडा तेवढा झळकतो, आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. समुद्रकिनाऱ्याच्या फिक्या वाळूवर हाच दोष कमी जाणवतो, कारण ती वाळू खालून प्रकाश परत फेकते. आपली काळी माती प्रकाश गिळून टाकते. ह्यावर हजारों रुपयांचीं साधनें बाजारांत आहेत. परंतु घरांतली धुतलेली पांढरी चादर माणसाच्या पुढ्यांत जमिनीवर पसरली, किंवा दोघांनीं धरून उन्हाच्या समोर उभी केली, तर डोळ्यांत मऊ उजेड येतो. त्याहूनहि सोपें म्हणजे माणसाला ओसरीच्या कडेला, छपराच्या सांवलींत, तोंड मोकळ्या अंगणाकडे करून बसवावें. पैसे खर्चून मिळणारा मोठा दिवा जें करतो, तें काम तेथें आकाश फुकट करतें.

आतां थोडें यंत्राच्या आंत डोकावूं. चित्रावर प्रकाश किती पडावा हें ठरविण्याचे मार्ग तीन. शेतकऱ्याला तें पाटाच्या पाण्यावरून चटकन् कळेल. वाफ्यांत पाणी सोडतांना तोंड किती रुंद ठेवावयाचें आणि किती वेळ ठेवावयाचें, ह्या दोहोंवर वाफ्यांतील पाणी अवलंबून असतें. लेन्सच्या आंतील छिद्राला अपर्चर म्हणतात. तें झालें पाटाचें तोंड. शटर किती वेळ उघडें राहतें, तो झाला वेळ. तिसरी गोष्ट आयएसओची: मिळालेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवितो त्याचा हा आंकडा. तो वाढविला म्हणजे थोड्या प्रकाशांतहि चित्र उजळतें, पण त्यावर रवाळपणा येतो. अपर्चरच्या आंकड्यांची नवशिक्याला एक गंमत वाटते, कीं आंकडा लहान तितकें छिद्र मोठें. एफ/२.८ वर जेवढा प्रकाश आंत येतो, त्याच्या चवथा हिस्साच एफ/५.६ वर येतो. हें एवढें गणित ज्याला तोंडपाठ झालें, त्याची दुकानांत सहसा फसगत होत नाहीं.

जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम येथें सांगण्याजोगा आहे. लख्ख उन्हांत अपर्चर एफ/१६ ठेवावें, आणि शटरचा वेळ आयएसओच्या आंकड्याइतक्या भागाचा धरावा. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. प्रकाश मोजणारें यंत्र खिशांत नसतांना लोकांनीं ह्याच्या भरंवशावर अर्धें आयुष्य काढलें. आतां मोजणारें यंत्र कॅमेऱ्याच्या पोटांतच असतें. मग हा नियम कशाला? तर तें मोजमाप वऱ्हाडांत हटकून फसतें म्हणून.

फसतें कसें, तें पहा. जग सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे, असें कॅमेऱ्याचें मोजमाप गृहीत धरून चालतें. समोर कापसाची गंजी असेल, तर कॅमेऱ्याला वाटतें, प्रकाश फार झाला. तो आवरतो, आणि शुभ्र कापूस मळक्या गोणपाटासारखा दिसूं लागतो. त्या गंजीपुढें उभ्या असलेल्या वेचणाऱ्या बाईचा सांवळा चेहरा तर पार काळा होतो. उलट, पावसाळ्याच्या तोंडीं नांगरलेलें काळें वावर समोर असेल, तर कॅमेऱ्याला वाटतें, येथें अंधार आहे. तो प्रकाश वाढवितो, माती करडी होते, आणि धुऱ्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचें पांढरें धोतर व टोपी जळून नुसता पांढरा डाग उरतो. अलीकडचे कॅमेरे ह्यांत पुष्कळ सुधारले आहेत, तरी पुरते नाहींत. उपाय साधा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणें असें चिन्ह असलेलें एक बटण असतें. कापसासमोर तें अधिकाकडे एक ते दीड घर सरकवावें, काळ्या रानांत उण्याकडे एक घर. ज्यांचे कॅमेरे लाखांचे आहेत, पण ह्या बटणाला ज्यांचें बोट कधीं लागलेलें नाहीं, असे लोक थोडे नाहींत.

कापसाच्या ऐन हंगामांत एकाच वावरांत काळें आणि पांढरें दोन्ही एकत्र येतें, तेव्हां कोणाची बाजू घ्यावी? माझें मत असें, कीं माणसाच्या चेहऱ्याची घ्यावी. कॅमेऱ्यांत फक्त एका ठिपक्यापुरता प्रकाश मोजण्याची सोय असते. तो ठिपका चेहऱ्यावर धरावा. पऱ्हाटी थोडी उजळली तरी चालेल; जिच्या हातांनीं ती वेचली, तिचे डोळे दिसले पाहिजेत.

ह्या साऱ्या अभ्यासाला कोणता कॅमेरा लागतो? खरें सांगावयाचें, तर खिशांतला मोबाइल पहिल्या सहा महिन्यांना पुरतो. प्रकाशाची दिशा, चौकटीची मांडणी, क्षणाची निवड ह्या गोष्टी त्यावर उत्तम शिकतां येतात. त्याची एक खोड मात्र ध्यानांत असावी. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद दृश्य पाहणारी असल्यामुळें चेहरा चौकटभर घ्यावयाचा, तर फार जवळ जावें लागतें. आणि जवळून घेतल्यानें नाक मोठें व कान लहान दिसतात. हा दोष अंतराचा आहे. चार पावलें मागें सरून घेतलेला चेहरा मोबाइलवरहि घाटदार दिसतो, मग चौकट नंतर कापली तरी हरकत नाहीं.

मोबाइल अपुरा पडूं लागला, कोठें अपुरा पडतो हेंहि कळलें, म्हणजे कॅमेऱ्याचा विचार करावा. दोन जाती बाजारांत आहेत. पहिली, आंत आरसा असलेली, जिला लोक डीएसएलआर म्हणतात. दुसरी आरशाविना चालणारी, मिररलेस. २०१८ सालीं निकॉन आणि कॅनन ह्या दोन्ही कंपन्यांनीं मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले. सोनीनें तर त्यापूर्वींच, २०१३ सालीं, ती वाट धरली होती. तेव्हांपासून कंपन्यांचें लक्ष नव्या जातीकडे गेलें आहे, आणि जुन्या जातीचे चांगले कॅमेरे दुसऱ्या हातानें स्वस्तांत मिळूं लागले आहेत. शिकणाऱ्याच्या दृष्टीनें ही पर्वणीच म्हणावयाची. दहा वर्षांपूर्वीं ज्या कॅमेऱ्यानें उत्तम लग्नें टिपलीं, तो आज अचानक वाईट झालेला नाहीं. चोवीस मेगापिक्सेलचें चित्र सहा हजार बिंदू रुंद आणि चार हजार उंच असतें. त्यावरून वीस इंच रुंदीची स्वच्छ प्रत कागदावर काढतां येते. लग्नाच्या अल्बमाला ह्याहून अधिक क्वचितच लागतें.

मात्र जुनें घेतांना डोळे उघडे ठेवावेत. लेन्सच्या मागून टॉर्चचा उजेड टाकून पुढून पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय, आणि तशी लेन्स फुकट मिळाली तरी घरीं आणूं नये. शटर किती वेळां उडालें आहे, तो आंकडा विचारावा. मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्याचें शटर साधारण एक ते दीड लाख वेळां उडण्याच्या हिशेबानें बनविलेलें असतें, आणि लग्नें करणारा माणूस एका मोसमांत त्यांतला बराच भाग संपवितो. निकॉनच्या ज्या लहान कॅमेऱ्यांचे आंकडे तीन हजारांत आणि पांच हजारांत आहेत, त्यांच्या आंत लेन्स फिरविणारी मोटर नाहीं. म्हणून जुन्या एएफ-डी जातीच्या लेन्स त्यांवर बसतात खऱ्या, पण आपोआप स्पष्टता साधत नाहींत. दुकानदार हें सांगेलच असें नाहीं. मला एका मोठ्या शहरांतील दुकानांत पावती न घेतल्यास पांच हजार कमी करूं, असें हंसतमुखानें सांगण्यांत आलें होतें. पावतीविना हमी नाहीं. आणि आपल्याकडे बिघडलेला कॅमेरा दुरुस्तीसाठीं बहुधा नागपूरला किंवा मुंबईला पाठवावा लागतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पांच हजारांची खरी किंमत कळते.

आतां लेन्सकडे वळूं, कारण पैसा खर्चावयाचा तो येथें. कॅमेरा पांच-सात वर्षांनीं बदलावा लागतो. चांगली लेन्स वीस वर्षें सोबत करते. कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स मिळते ती बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची असते, आणि तिच्या लांबच्या टोंकाला अपर्चर एफ/५.६ हून मोठें उघडत नाहीं. दिवसा ती उत्तम काम देते. परंतु अकोल्याची श्रावणांतली कावडयात्रा डोळ्यांपुढें आणा. शेवटच्या सोमवारीं राजराजेश्वराला वाहावयाचें पूर्णेचें पाणी गांधीग्रामहून खांद्यावर निघतें. रात्र, गर्दी, पावसाची झडी, माणसें चालत नव्हे तर नाचत असलेलीं. चालत्या माणसाला गोठवावयाचें तर शटरचा वेळ सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून अधिक असतां कामा नये. एवढ्या वेळांत एफ/५.६ च्या छिद्रांतून रात्रीं कितीसा प्रकाश येणार? येथें ५० मिलिमीटरची एफ/१.८ ची साधी लेन्स उपयोगी पडते. एफ/५.६ च्या मानानें ती सुमारें दसपट प्रकाश आंत घेते. आकारानें लहान, वजनानें हलकी, आणि अशा सर्व लेन्समध्यें सर्वांत स्वस्त असलेल्यांपैकीं एक. होतकरू माणसाची पहिली खरेदी कोणती, असें कोणी विचारलें, तर मी हिचेंच नांव घेईन.

तिचेंहि एक मर्म आहे. छिद्र पूर्ण उघडलें, म्हणजे स्पष्टतेची खोली फार थोडी राहते. दोन मीटरांवरून, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यानें एफ/१.८ वर घेतलेल्या चित्रांत ती जेमतेम अर्ध्या वितीची असते. नवरा स्पष्ट आणि त्याच्या मागें वीतभर बसलेली नवरी धूसर, असें चित्र घरच्या मंडळींना कोणत्या तोंडानें दाखवावयाचें? जोडपें असेल तर छिद्र एफ/४ पर्यंत मिटावें, दोघांचे चेहरे एका रेषेंत आणावेत, आणि कमी पडणारा प्रकाश आयएसओ वाढवून भरून काढावा. रवाळ चित्र लोक मान्य करतात. हललेलें करीत नाहींत.

मांडवांतील दुसरी अडचण दिव्यांची. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदांत पन्नास वेळां आलटतो, आणि त्यामुळें कित्येक दिवे सेकंदांत शंभर वेळां मंद-तेज होत असतात. डोळ्याला तें दिसत नाहीं, शटरला दिसतें. मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज न करणारें जें इलेक्ट्रॉनिक शटर असतें, तें अशा उजेडांत वापरलें, तर चित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. तेथें नेहमीचें शटर लावावें आणि वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाचा ठेवावा. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाला मात्र इलाज थोडा. सगळ्यांचे चेहरे त्या रंगांत न्हातात, आणि नंतर संगणकावर कितीहि धुतले तरी पुरते निघत नाहींत. शक्य असेल तर महत्त्वाचीं चित्रें मांडवाच्या कडेला, मोकळ्या उजेडांत घ्यावींत.

आपल्या भागांतला होतकरू छायाचित्रकार आज ना उद्यां मेळघाटांत जातोच. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली, तेव्हां प्रथम निवडलेल्या नऊ अरण्यांत मेळघाट होतें. तेथें जाणाऱ्याला वाटतें, कीं चारशे-सहाशे मिलिमीटरची लांब लेन्स असली, म्हणजे वाघ हातीं आलाच. अशी लेन्स दूरचें जवळ आणते हें खरें, पण हाताचा कंपहि तितकाच मोठा करते. लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, सेकंदाच्या निदान तेवढ्याव्या भागाचें शटर हवें, असा ठोकताळा आहे. आणि सागवानाच्या पानांआड, सकाळच्या सहाच्या उजेडांत, तेवढा प्रकाश नसतो. शिवाय सेमाडोह-कोलकासच्या रानांत जनावर रोज दर्शन देईलच, असा करार कोणीं केलेला नाहीं. वर्षांतून दोनदां जावयाचें असेल, तर लांब लेन्स मोठ्या शहरांतून भाड्यानें आणावी. तीच गोष्ट रानपिंगळ्याची. हें लहानसें घुबड नामशेष झालें असें धरून लोक शंभराहून अधिक वर्षें बसले होते. १९९७ सालीं अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांना तें सातपुड्याच्या रांगेंतच, शहाद्याजवळ पुन्हा दिसलें, आणि पुढें मेळघाटांतहि त्याची नोंद झाली. तें दिवसाउजेडीं वावरतें, म्हणून छायाचित्रकाराला त्याचा मोह पडतो. त्याला ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून जवळ बोलाविणें, किंवा ढोलीपुढें फ्लॅश उडविणें, हें मी निंद्य समजतों. दूरून मिळालेलें धूसर चित्रहि नोंद म्हणून मोलाचें असतें.

ट्रायपॉडविषयीं फार बोलण्याजोगें नाहीं. हलका आणि स्वस्त ट्रायपॉड म्हणजे पैसे देऊन घेतलेला कंप. बाळापूरची छत्री संध्याकाळच्या उजेडांत टिपावयाची असेल, तर जड ट्रायपॉड घ्यावा, नाहीं तर दगडी कठड्यावर वाळूची पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवावा.

येथून पुढें जें सांगावयाचें, तें निगेविषयीं. आणि वऱ्हाडांत हें प्रकरण विकत घेण्याहून कठीण आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकांत कामाची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी छापलेली असते. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांवर जातो, आणि बंद मोटारींत तर त्याहून कितीतरी वर. तेव्हां उन्हाळ्यांतील लग्नांत कॅमेरा गाडींत ठेवूं नये. काळ्या पिशवीवर पांढरा पंचा टाकावा. चलच्चित्रण करतांना मधून मधून यंत्र बंद करून सांवलींत ठेवावें.

उन्हाळ्याइतकीच धूळ वाईट. लेन्स बदलतांना कॅमेऱ्याचें तोंड जमिनीकडे करावें, पाठ वाऱ्याकडे करावी, आणि दुसरी लेन्स आधींच हाताशीं ठेवावी. जिनिंगमध्यें काम असेल तर तेथें लेन्स बदलूंच नये. हवेंत तरंगणारा कापसाचा तंतू सेन्सरवर चिकटला, कीं पुढल्या प्रत्येक चित्राच्या आभाळांत केसासारखी रेघ दिसत राहते. ती काढावयास रबराचा फुगा वापरावा. तोंडानें फुंकर घालणाऱ्याच्या थुंकीचे शिंतोडे धुळीहून चिवट असतात.

पावसाळ्यांत शत्रू बदलतो. हवेंतील दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांवर बराच काळ राहिला, म्हणजे लेन्सच्या आंत बुरशी धरते. चिखलदरा सुमारें अकराशे मीटर उंचीवर आहे; तेथील धुक्यांतून दोन दिवस फिरून आलेला कॅमेरा चामड्याच्या घरांत तसाच कोंबून ठेवणें म्हणजे बुरशीला आमंत्रण देणें होय. चामडें ओल धरून ठेवतें. घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणावा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि त्यांचे निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्या मंद आंचेवर तापवून पुन्हा निळ्या कराव्यात. वातानुकूलित सभागृहांतून दमट हवेंत बाहेर येतांना कॅमेरा पिशवींतच ठेवून अर्धा तास जाऊं द्यावा. नाहीं तर थंड कांचेवर दंव धरतें, आणि वरात तर तोंवर निघून गेलेली असते.

लग्नें करणाऱ्यांना एक सूचना निराळी. मंगळाष्टकें पुन्हा म्हणवून घेतां येत नाहींत. ज्या कॅमेऱ्यांत दोन कार्डें बसतात, त्यांत एकाच वेळीं दोहोंवर चित्र उमटेल अशी सोय लावतां येते. लग्नाचें काम पत्करणाऱ्यानें नव्या कॅमेऱ्यासाठीं जादा पैसे मोजावयाचे तर त्या दुसऱ्या कार्डाच्या जागेसाठीं मोजावेत. मेगापिक्सेल त्याच्या मागून. घरीं आल्यावर चित्रें दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरवून मगच कार्ड कोरें करावें, आणि त्यांतली एक डिस्क दुसऱ्या घरांत राहावी.

साधनांपलीकडचें एक नांव घेतों. सुधारक ओलवे हे मूळचे अकोल्याचे. मुंबईंत वृत्तपत्रांसाठीं छायाचित्रण करीत असतांना त्यांनीं महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचें जिणें वर्षानुवर्षें टिपलें, आणि २०१६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. गटाराच्या कांठीं, कचऱ्याच्या ढिगावर, त्या माणसांच्या घरांत पुन्हा पुन्हा जाऊन काढलेलीं तीं चित्रें आहेत. त्यांची आठवण मी अशासाठीं करतों, कीं आपल्या तरुणांजवळ त्यांच्यासारखाच एक ठेवा आहे: ज्या माणसांत ते राहतात, तीं त्यांना ओळखतात. परगांवच्या छायाचित्रकाराला जिनिंगच्या फाटकांतून आंत जावयास परवानगी मागावी लागते. गांवच्या पोराला चहा मिळतो. हा ठेवा कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं, आणि तो वापरावयास पन्नास मिलिमीटरची ती लहानशी लेन्स पुरेशी आहे.

ह्या ओळखीची परतफेड म्हणून एक रिवाज पाळावा असें मला वाटतें. ज्याचें चित्र घेतलें, त्याला तें कागदावर काढून द्यावें. मोबाइलवर पाठविलेलें चित्र तो मोबाइल बिघडला कीं जातें. पाटीखालच्या ट्रंकेंत ठेवलेली प्रत नातवंडांपर्यंत टिकते. चांगल्या कागदावर काढून घ्यावी, ओल्या भिंतीवर टांगूं नये असें सांगावें, आणि मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीनें नांव, गांव आणि तारीख लिहून द्यावी. शाई कालांतरानें पुढें उतरते, पेन्सिल उतरत नाहीं.